छातीतला पंप आणि पाराची संगत

सांज झाली आहे. पलूस तालुक्यातल्या एखाद्या गावात पारावर चार माणसे बसली आहेत असे धरा. बोलणे नेहमीसारखे नाही. सगळ्यांचे आवाज खाली आलेले आहेत.

"आवं, तरणाताठा गडी! काल सकाळी बागेत औषध मारून आला व्हता."

"वय काय आसंल?"

"आठ्ठावीस-एकोणतीस. छातीत दुखतंय म्हणाला. पित्त झालं आसंल म्हणून सोडा प्याला आन् आडवा झाला. त्यो परत उठला न्हाई."

"पर त्याला दारू न्हाई, काई न्हाई!"

"तंबाखू व्हती की. आन् आधी दोनदा दुखलं व्हतं म्हणं. कुणाला बोलला न्हाई."

असे बोलणे अलीकडे गावोगाव ऐकू येते. पूर्वी हृदयविकार म्हटले की लोकांना शहरातला पन्नाशीचा शेठ आठवे. आता तसे राहिले नाही. पश्चिमेकडच्या देशांतल्या लोकांपेक्षा आपल्याकडे हा आजार सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो, असे डॉक्टरांना दिसून आले आहे. म्हणजे ज्याच्या खांद्यावर घर उभे आहे, त्याच वयात तो येतो.

पारावरच्या बोलण्यात दोन गोष्टी आल्या. एक, छातीत दुखले. दोन, तो कुणाला बोलला नाही. या दोन्ही गोष्टींचा विचार आपण आज करू. पहिली हृदयाची आहे. दुसरी संगतीची आहे. वाटतात वेगळ्या, पण त्यांचे एकमेकींशी नाते आहे.

पंप कसा चालतो?

पंप म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. पलूसला लागूनच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या ओसाड माळावर हा कारखाना वसवला. आधी लोखंडी नांगर, मग पंप तिथून निघू लागले. त्या पंपांनी कितीतरी विहिरींचे पाणी मळ्यात आणले.

आपल्या छातीतही असाच एक पंप आहे. मध्यभागी, जरा डावीकडे. तुमची मूठ आवळा. साधारण तेवढाच तो आहे. वजन पाव किलोहून थोडे जास्त. पण काम बघा! मिनिटाला सुमारे ७० वेळा तो आवळतो आणि सैल होतो. दिवसाला झाले एक लाख ठोके. मिनिटाला पाच लिटर रक्त तो पुढे ढकलतो. दिवसाचे झाले सात हजार लिटर. एक मोठा टँकर भरेल एवढे!

विहिरीवरच्या पंपाला रात्री वीज नसली की विसावा मिळतो. या पंपाला तसा विसावा नाही. आईच्या पोटात असताना तो सुरू होतो आणि शेवटच्या श्वासापर्यंत चालतो.

हा पंप सगळ्या अंगाला रक्त देतो. पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला बाहेरून आलेल्या बारीक नळ्यांतून मिळते. ठिबकच्या नळीत क्षार साचला की काय होते? पुढच्या वेली सुकतात. तसेच इथे होते. नळीच्या आतल्या बाजूला चरबीचा थर बसत जातो. वाट अरुंद होते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो. तिथे रक्ताची गाठ धरते आणि नळी बंद होते. पुढचा हृदयाचा तुकडा रक्तावाचून तडफडू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हा थर एका दिवसात बसत नाही. १९५३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. कोरियाच्या लढाईत मेलेल्या ३०० सैनिकांची हृदये त्यांनी उघडून पाहिली होती. सरासरी वय होते २२ वर्षे. धडधाकट पोरे. तरी शंभरातल्या सत्त्याहत्तर जणांच्या नळ्यांत हा रोग थोडाफार सुरू झालेला होता. म्हणजे झटका कधीही येवो, त्याची पेरणी तरुणपणी झालेली असते. म्हणून काळजीही तरुणपणीच घ्यायची.

नळी कशाने खराब होते?

पहिला वैरी तंबाखू. विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री, मळलेली चिमूट, सगळे त्यातच आले. "आम्ही ओढत न्हाई, नुस्ती खातो," असे म्हणून सुटका नाही. तंबाखूने हृदयाचे ठोके वाढतात, नळ्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. धूर तर नळीचे अस्तरच खरवडतो आणि रक्ताची गाठ लवकर धरते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण बंदी टपरीवर असून भागत नाही. ती खिशावर हवी.

पण यात एक आशाही आहे. विडी-सिगारेट सोडली की एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. उशीर झाला, आता सोडून काय उपयोग, असे कुणी म्हणू नये. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा वैरी वाढलेला रक्तदाब. पाइपातला दाब वाढला की जोड सुटतात, पंपावर ताण येतो. अंगातही तसेच होते. १२०/८० च्या आत असेल तर चांगले. पुन्हा पुन्हा मोजून १४०/९० किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. वाढलेला दाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. मोजल्याशिवाय तो कळतच नाही.

तिसरे मीठ. माणसाला दिवसाला सगळे मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ पुरे. भाकरीबरोबर लोणचे, वर पापड, दुपारी फरसाण, असे झाले की ते कुठल्या कुठे जाते.

चौथी साखर आणि तळण. उसाच्या मुलखात चहा गोडच लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दिवसाला सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे किती झाले, ते मोजून बघा. एकाच तेलात दहा वेळा तळलेला वडा तर टाळावाच. आपली ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू, कडधान्ये, हे अन्न हृदयाच्या भल्याचे आहे. घरचे सोडून गाड्यावरचे धरू नये.

पाचवा बैठा दिवस. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

गाडी हाकणारा आणि तिकीट देणारा

लंडन शहरात दोन मजली बस चालतात. तिथे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बसवरच्या कामगारांचा अभ्यास केला. १९५३ साली तो छापून आला. बस एकच. पगार जवळपास सारखा. पण ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देत जिना चढे आणि उतरे, दिवसात शेकडो पायऱ्या. हृदयविकार कुणाला जास्त झाला? बसून राहणाऱ्या ड्रायव्हरला. जिने चढणाऱ्या कंडक्टरला तो कमी झाला.

आता कुणी म्हणेल, "आमी शेतकरी. आमाला कशाला पायजे व्यायाम?" पण खरे सांगा, पूर्वीचे शेत आता आहे का? नांगरट ट्रॅक्टरने. बागेला औषध ब्लोअरने. मळ्यात जायचे मोटारसायकलने. मोटर मोबाइलवरून चालू. बापाने चालून जेवढी वाट संपवली, तेवढी पोरगा बसून संपवतो. कारखान्यात किंवा दुकानात काम करणारा तर आठ-आठ तास एका जागी.

आठवड्याला १५० मिनिटे जोराने चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवावा.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांतल्या पोरांनाही ते घालायला लावत. त्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. त्यांचे देहावसान १९५१ साली झाले, तेव्हा ते ८० वर्षांच्या पुढे होते. कुंडलचे कुस्तीचे मैदान तर कुणाला ठाऊक नाही? तालमीत पोरगा दोन गोष्टी मिळवतो. अंगाला घाम आणि मनाला सोबती.

हा दुसरा फायदा लहान नाही. आता त्याकडे वळू.

एकटेपण हृदयाला का लागते?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात रोझेटो नावाचे एक लहान गाव आहे. इटलीहून आलेले लोक तिथे वसले होते. बरेचजण दगडाच्या खाणीत राबत. खाणेपिणे काही साधे नव्हते. चरबीचे खात, विड्या ओढत. तरी शेजारच्या गावांपेक्षा तिथे हृदयविकाराने फार कमी माणसे मरत. डॉक्टर चकित झाले. त्यांनी अभ्यास केला आणि तो १९६४ साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे: एका घरात तीन पिढ्या नांदत होत्या. संध्याकाळी लोक एकमेकांच्या दारी बसत. कुणी अडचणीत आला तर गाव धावे.

पुढे तिथल्या तरुणांनी वेगळी मोठी घरे बांधली. कुंपणे आली. दार लागले. मग काही वर्षांतच रोझेटोतला हृदयविकार शेजारच्या गावांइतका झाला.

एका गावावरून नियम ठरत नाही, हे खरे. पण नंतर अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. २०१६ साली त्याचा निष्कर्ष आला. ज्यांना जिवाभावाची माणसे नाहीत, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण २९ टक्के जास्त आणि लकव्याचे ३२ टक्के जास्त आढळले. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की जगातल्या सहा माणसांमागे एक माणूस एकटेपणाने झुरतो. आणि म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत हे जास्त आहे!

एकटा माणूस आजारी पडतोच, असे नाही. पण एकटेपण काय करते ते बघा. मनावर सतत ओझे असले की अंग लढाईच्या तयारीत राहते. ठोके वाढतात, दाब चढतो, झोप उडते. झोप नाही म्हणून हातात मोबाइल. मोबाइलवर रात्रीचे दोन. सकाळी डोके जड, म्हणून तंबाखूची चिमूट. संध्याकाळी जीव रमत नाही, म्हणून बाटली. आणि छातीत दुखले तर सांगायचे कुणाला?

"गावात कोण एकटं आसतंय व्हय?" असे तुम्ही विचाराल. जरा आजूबाजूला बघा. तिशी ओलांडलेला शेतकऱ्याचा पोरगा. बाग चांगली, पण सोयरीक जुळत नाही. लग्नाच्या गोष्टी निघतात म्हणून तो चार माणसांत जाणे टाळतो. द्राक्षाचा दर पडला, डोक्यावर बँकेचे कर्ज. बापाला काय सांगायचे म्हणून गप्प. नवी नवरी सासरी आलेली. घर भरलेले, पण मन मोकळे करायला माणूस नाही. दुसऱ्या मुलखातून कामाला आलेला मजूर. पत्र्याच्या खोलीत एकटाच भात शिजवतो. पुण्याला नोकरीला गेलेला पोरगा. फोनवर रोज "बरा हाय" म्हणतो.

ही सगळी गर्दीतली एकटी माणसे. महापूर आला की आपण एकमेकांच्या दारी धावतो. २०१९ साली कृष्णाकाठाने ते पाहिले. पूर ओसरला की मात्र आपापले दार लागते. मनात आलेला पूर मात्र बाहेरून दिसत नाही.

एका भोंग्याची गोष्ट

आपल्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. करोनाच्या दिवसांत शाळा मोबाइलवर आली आणि मग मोबाइल पोरांच्या हातातून सुटेना. मोठी माणसेही टीव्हीपुढे. तेव्हा गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की घरोघर टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठपर्यंत दीड तास पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, एकमेकांशी बोलायचे.

सुरुवातीला लोक हसले. मग सरपंच, शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई घरोघर फिरल्या. हळूहळू गावाला सवय लागली. ही बातमी देशभर गेली, परदेशातही गेली. यात खर्च किती? एका भोंग्याचा. जे आपल्या शेजाऱ्याला जमले, ते आपल्याला का जमू नये?

सावड करू या

शेतात आपण सावड करतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तशीच तब्येतीची सावड करावी, असे आम्हाला वाटते. दोघा-तिघा मित्रांनी मिळून ठरवावे:

रोज सकाळी एकमेकाला हाक मारून चालायला जायचे. एकटा माणूस आळस करतो. दारात मित्र उभा राहिला की उठावेच लागते.

वर्षातून एकदा तरी एकमेकाला धरून रक्तदाब मोजायला न्यायचे. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट मोजतात. तीस वर्षांच्या पुढच्या माणसाची साखरही तपासतात. ज्याच्या बापाला किंवा भावाला कमी वयात झटका आला असेल, त्याने तिशीची वाट बघू नये.

तंबाखू सोडायची तर दोघांनी मिळून सोडायची. एकाची तल्लफ वाढली तर दुसऱ्याने सोबत करायची.

आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाइल घरी ठेवून जमायचे. तालीम असो, भजन असो, लेझीम असो, व्हॉलीबॉल असो, वाचनालय असो. बायकांचा बचत गट असतोच. त्यात हप्त्याच्या हिशेबाबरोबर सुखदुःखाचाही हिशेब व्हावा. कामाला आलेल्या परमुलखातल्या पोरालाही बोलवावे.

आणि कुणी फार गप्प झाला, जेवणावरून उठू लागला, जगण्यात राम नाही असे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच्याजवळ बसावे. १४४१६ या सरकारी फोनवर मनाच्या दुखण्यासाठी रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो. तो लावून द्यावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पोराला "कर्जाचं काय केलंस?" हे आधी विचारू नका. "जेवलास का? झोप लागती का?" हे आधी विचारा.

झटका आला तर

हे नीट वाचा. दुसऱ्यालाही वाचून दाखवा.

छातीच्या मधोमध दाबल्यासारखे, आवळल्यासारखे होते. कळ डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाते. दरदरून घाम येतो. दम लागतो. मळमळते. बायकांत कधी कधी छातीत फारसे दुखत नाही. नुसता शीण येतो, दम लागतो, मळमळते.

असे झाले तर पित्त समजून सोडा पिऊ नका. घरी झोपून वाट बघू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका फुकट येते. दुखणाऱ्याला चालवू नका. त्याला स्वतः मोटारसायकल हाकू देऊ नका. दवाखान्यात पट्टी काढतात, तिला ईसीजी म्हणतात. ती काही मिनिटांत निघते. एकदा पट्टी बरी आली आणि दुखणे थांबले नाही, तर पुन्हा काढायला सांगा. बंद झालेली नळी उघडण्याचे उपाय आहेत. पण जितका उशीर, तितका हृदयाचा जास्त भाग मरतो. इथे तासाला नव्हे, मिनिटाला किंमत आहे.

माणूस बेशुद्ध पडला, हलवले तरी हलत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकाने १०८ लावावा. दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध तळहात ठेवावा, त्यावर दुसरा हात. कोपर सरळ ठेवून दोन इंच खोल दाबावे आणि सोडावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात तर दुसऱ्याने दाबावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. बंद पडलेला पंप आपण हाताने चालवतो आहोत, असे समजा. हे एकट्याचे काम नाही. याला चार माणसे लागतात.

शेवटी

पुन्हा त्या पारावर जाऊ. त्या पोराला दोनदा दुखले होते. ते कुणाला माहीत असते तर? त्याच्याबरोबर रोज चालणारा एखादा मित्र असता आणि तो म्हणाला असता, "चल गड्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ," तर? कदाचित तो आज बागेत छाटणी करताना दिसला असता.

विहिरीवरचा पंप बिघडला तर नवा आणता येतो. छातीतला पंप एकदाच मिळतो. त्याला तंबाखूपासून जपा, चालता ठेवा, त्याचा दाब मोजा. आणि त्याला माणसांची संगत द्या.

हा धडा वाचून झाला की एक काम करा. जो बरेच दिवस पारावर दिसला नाही, असा एक माणूस आठवा. आज सांजच्याला त्याच्या दारात जा आणि हाक मारा, "काय गड्या, हाईस का घरात?"